पाय बघायचं काम

तांबरम स्टेशनच्या पश्चिमेला, भांड्यांच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, एक लांबट खोली आहे. जिना चढून वर आलं की दारासमोरच गणपतीचा मोठा फोटो दिसतो. त्याला रोज ताज्या दूर्वांची माळ, खाली पितळी समई, समईशी उदबत्तीची रक्षा. असा देव समोर असला की या गावात कुणी चपला घालून आत पाऊल टाकत नाही. सांगावं लागत नाही, पाटी लावावी लागत नाही. नोकरीसाठी आलेल्या मुली वर येतात, फोटो बघतात, दोन्ही मुठींनी कपाळावर हलकेच ठोकून घेतात आणि उंबऱ्याबाहेर चपला काढतात.

चपला काढल्या की पायाची बोटं दिसतात. फोटो तिथं टांगला होता तो त्यासाठीच.

खोली अनंतकृष्ण नावाच्या माणसाची. कारखान्यांना माणसं पुरवायची हा त्याचा धंदा. सिरुसेरीच्याही पलीकडे मोबाईलचे चार्जर बनवणारा एक कारखाना आहे, त्यांना जोडणीच्या कामाला मुली हव्या असत. तरुण, नजर चांगली असलेल्या, आणि लग्न न झालेल्या. शेवटचं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायचं नसतंच ते. लग्न झालेली बाई आली की आज सासूला ताप, उद्या सणाची रजा, परवा बाळंतपण, असं कारखानदारांचं म्हणणं. कुणी फारच विचारलं तर सांगायचं, कामाच्या जागी अंगावर धातू चालत नाही; मंगळसूत्र, जोडवी काढायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून नको. तोंडावर विचारलं तर मुली खोटं सांगतात. पाय खोटं सांगत नाहीत.

ते पाय बघायचं काम भवानीकडे होतं.

भवानीमामी म्हणजे मूळच्या तंजावरच्या मराठी घरातली बाई. दोन पिढ्यांपूर्वी घराणं चेन्नईत आलं. घरात अजून जुनी मराठी आणि दारापलीकडे तमिळ. पन्नाशीपर्यंत तिनं नोकरी कशी असते ते पाहिलं नव्हतं. पहाटे उठून दारात कोलमची रांगोळी, मग देवपूजा, शनिवारी मारुतीला वड्यांची माळ, नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडून गोलू, यात तिचं आयुष्य गेलं. नवरा मुरली पंपांच्या कंपनीत हिशेबनीस होता. कंपनी बंद पडली आणि मुरली घरी बसला. अनंतकृष्ण त्याच्या जुन्या ओळखीतला. गोलूला येऊन हरभऱ्याचं सुंडल खाऊन जायचा, भवानीला मामी म्हणायचा. त्यानंच एके दिवशी म्हटलं, "मामी, आमच्या ऑफिसात देवाचा दिवा लावायला, मुलींना पाणी द्यायला कुणीतरी घरंदाज बाई हवी. तुम्ही याल का?"

भवानीला वाटलं, देवानंच पाठवलं. देवासमोर बसायचं आणि वर पगार. गल्लीत तिनं सगळ्यांना असंच सांगितलं.

पहिल्या आठवड्यात अनंतकृष्णनं दोन बाक दाखवले. एक खिडकीकडचा, एक भिंतीकडचा. "बोटांत जोडवी असली, नाहीतर जोडव्याचा पांढरा वळ असला, तर भिंतीकडे बसवायचं. बाकीच्या खिडकीकडे. बोलायचं काही नाही."

भिंतीकडच्या मुलींना पाणी मिळे, गार पाणी, स्वच्छ पेल्यात. मग आतून कुणीतरी येऊन त्यांचे फोन नंबर घेई आणि सांगे, कळवू. त्यांना कधी कुणी कळवलं नाही. भवानीला हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही ती बाकावर बसवतच राहिली. आपण काय, फक्त जागा दाखवतो. मनाची अशी समजूत घालायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

मुलीही हुशार होत्या. कुणी जोडवी पर्समध्ये टाकून येई, कुणी बोटाला पावडर फासून. भवानीची नजर इतकी तयार झाली, की देवळात प्रदक्षिणा घालतानाही ती पुढच्या बाईची बोटं बघे आणि मग स्वतःवरच चिडे.

जननी ही मुरलीची भाची. बहीण लवकर गेली, म्हणून पोर मामाच्याच घरात वाढली. तिचं कन्यादान मुरली-भवानीनं केलं. त्यांच्यात जोडवी मामानं द्यायची, मुरलीनं टी. नगरला जाऊन चांगली जाडजूड निवडली होती आणि भवानीनं बोहल्याशी बसून तिच्या बोटांत चढवली होती. नवरा गुंडो सरळ मनाचा, पण त्याच्या ट्रॅव्हल ऑफिसात पगाराचा भरवसा नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत जननी एका दुपारी मामीकडे आली आणि म्हणाली, "मामी, चार्जरच्या कारखान्यात मज घेतील का? तू सांगितलीस तर घेतील की."

"तुझं लग्न झालंय गे."

"त्यास काय? गुंडोला घेतले असते. गुंडोचं लग्न झालं नाही काय?"

भवानी हसली. म्हणाली, "गुंडोच्या पायात जोडवी घाल, मग तोही जाईल भिंतीकडे."

जननीनं विचारलं, "भिंतीकडे म्हणजे काय?" तेव्हा भवानीनं तिला सगळं सांगितलं. नवऱ्यासमोर पहिल्यांदाच. मुरली तिथंच पेपर वाचत होता. पेपराचं पान उलटलं, एवढंच.

जननी हट्टाची. मग मामीनंच तिला शिकवलं. जोडवी आत्तापासूनच काढून ठेव. बोटांना खोबरेल चोळ. रोज दुपारी गच्चीवर पाय उन्हात टाकून बस, म्हणजे पांढरा वळ बाकीच्या कातडीत मिसळून जाईल. मंगळसूत्र घरी ठेवून ये. कपाळाला टिकली चालते, कुमारिकाही लावतात. अनंतकृष्णनं तुला लहानपणीच काय ते पाहिलंय, लग्नाला तो नव्हता; ओळखणार नाही. जे बघायला ती बसली होती, तेच लपवायला ती आता शिकवत होती. हे बोलताना तिनं देवघराकडे पाठ केली होती.

"पाप लागेल काय मामी?" जननीनं हसत विचारलं.

"लागलं तर मज लागेल. तू ऊन लागू दे पायांस."

नेमकं मुलाखतीचं बोलावणं आलं ते आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या, शुक्रवारचं. आडीतला शुक्रवार म्हणजे देवीचा दिवस. गल्लोगल्ली अम्मनच्या देवळांना कडुलिंबाची तोरणं, लाउडस्पीकर, नाचणीची आंबील. जननीच्या सासूनं सुनेला सकाळी न्हाऊ-माखू घातलं, पायांना हळद लावली, कपाळाला कुंकू लावलं. सुवाशिणीनं या दिवशी उगीच बोडक्या कपाळानं बाहेर पडायचं म्हणजे काय? सुनेचं नोकरीचं कारस्थान सासूला अर्धंच माहीत होतं: तिथं धातू चालत नाही, म्हणून जोडवी, मंगळसूत्र काढून जायचं, एवढंच. जननीनं गल्लीच्या टोकाला नळावर पाय धुतले, कपाळ पुसून टिकली लावली, गजरा नीट केला आणि तांबरमची बस पकडली.

ती जिना चढून वर आली. चपला काढल्या. भवानीनं सवयीनं आधी पायच पाहिले. बोटं कोरी होती, रंग एकसारखा. मामीला क्षणभर आपल्याच शिकवणीचं कौतुक वाटलं. मग जननी गणपतीला नमस्कार करायला वाकली, आणि भवानीला तिचा भांग दिसला. भांगात कुंकू होतं. सासूनं नुसतं कपाळाला नव्हतं लावलं. भांगाच्या सुरुवातीलाही ठसठशीत बोट टेकवलं होतं, सुवाशिणीला लावतात तसं. नळावर आरसा नव्हता. भांग स्वतःचा स्वतःला कुठं दिसतो?

त्याच वेळी केबिनचं दार उघडून अनंतकृष्ण बाहेर आला. "मामी, आज किती जणी?"

भवानीचा हात उठला. विचार करायला सवड नव्हती. "किती घामेजलीस गे पोरी," असं काहीतरी तमिळमध्ये बोलत तिनं पदराचं टोक घेतलं आणि जननीच्या भांगातलं कुंकू पुसून टाकलं. एकदा पुसलं, तर नुसतं पसरलं. म्हणून पुन्हा, जोर लावून, मागं केसांपर्यंत.

सवाष्ण पोरीचं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे या दोघींना कुणी सांगायला नको होतं. हे एकाच प्रसंगी करतात, नवरा गेल्यावर. जननीनं वाकलेल्या अवस्थेतच डोळे वर करून मामीकडे पाहिलं. भवानीनं तिला खिडकीकडच्या बाकावर बसवलं.

जननीला नोकरी लागली.

त्या संध्याकाळी भवानीनं देवापुढं निरांजन लावलं ते डाव्या हातानं. मुरलीनं विचारलं, "हात दुखावला काय?" ती म्हणाली, "हो." पदरावरचा तांबडा डाग दोनदा धुऊनही गेला नाही. ते लुगडं तिनं पुन्हा नेसलं नाही, आणि टाकलंही नाही.

पुढचे महिने बरे गेले. जननी कंपनीच्या बसनं जाई, पाळी बदलली की चेहरा सुके, पण पैसा घरात येई. तिकडे सगळ्यांना ती कुमारी. डब्याच्या सुट्टीत गुंडोचा फोन आला तर मैत्रिणींसमोर ती त्याला "अण्णा" म्हणे. गुंडोनं हे मुरलीला सांगितलं, तेव्हा दोघं पोट धरून हसले. "आता राखीला साडी मागू नको म्हणावं," मुरली म्हणाला. भवानी उठून आत गेली.

मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमाराला, पहाटे देवळातून भजनं ऐकू येतात त्या दिवसांत, जननीला दिवस गेले. लपवता येईल तितकं तिनं लपवलं. मग एकदा जोडणीच्या टेबलाशीच ओकारी आली. सुपरवायझर बाईनं दोनच प्रश्न विचारले. आठवड्याभरात अनंतकृष्णच्या ऑफिसातून निरोप आला: नोकरीला लागताना लग्न झालेलं नाही असं खोटं सांगितलं, सबब महिनाअखेर स्वतःहून राजीनामा द्यावा, म्हणजे नाव खराब होणार नाही.

गरोदर आहे म्हणून काढतो असं कुणी म्हटलं नाही.

एग्मोरला, स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर, नित्या नावाची एक वकील बायकांना फी न घेता सल्ला देते असं गुंडोला कुठूनसं कळलं. शनिवारी भवानी जननीला घेऊन तिकडे गेली. मारुतीची वड्यांची माळ त्या शनिवारी चुकली.

नित्या तिशीची असेल. टेबलावर फायली आणि एका बशीत अर्धी खाल्लेली इडली. तिनं जननीचं सगळं ऐकून घेतलं.

"गरोदर बाईला पगारी रजा मिळते, सव्वीस आठवडे," ती म्हणाली. "मागच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम भरलं की झालं. तुमचं केव्हाच भरलंय. आणि त्या कायद्यात फक्त बाई म्हटलंय. लग्न झालेली बाई असं कुठंही नाही. म्हणून तर ते बाळंतपणाचं नाव काढत नाहीत. खोटं बोललात, एवढंच धरून बसलेत."

"खोटं तर बोललेच की मी," जननी म्हणाली.

"का बोललात? खरं सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

"नाही."

"मग तेच सिद्ध करायचं. भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही, असा कायदा आहे. लग्नाचा शब्द त्यात नाही, आणि हे लोक तिथूनच निसटतात. पण त्या कारखान्यात लग्न झालेले पुरुष असतील ना?"

"ढीगभर," जननी म्हणाली. "आमच्या मॅनेजरास तीन पोरं आहेत."

"मग लग्न फक्त बाईचंच कसं आडवं येतं, हे त्यांना विचारता येईल. मी कामगार खात्याकडे अर्ज करते. पण एकट्या मुलीचं म्हणणं ते फुंकर मारून उडवतील. आम्ही कधी कुणाला लग्नाचं विचारतच नाही, म्हणतील. आणि खरंच विचारत नाहीत. ते बघतात कसं, हे आतल्या कुणी सांगायला हवं." नित्यानं पेन खाली ठेवलं. "दारावर कुणी बाई बसते म्हणालात. ती बोलेल?"

जननीनं मामीकडे पाहिलं नाही. मुद्दामच खिडकीबाहेर बघत राहिली. भवानीनं मांडीवरची पिशवी उचलली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमची गाडी निघेल."

गाडीत दोघी शेजारी बसल्या. गिंडीच्या पुढं जननी म्हणाली, "मामी, तुझी नोकरी गेली तर मामांचं काय? मी काही म्हणत नाही तुज."

"म्हणत नाहीस तेच बोचतं गे," भवानी म्हणाली.

अर्जाची बातमी अनंतकृष्णला लागायला वेळ लागला नाही. जननी मामींची भाची हेही त्याला कळलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. फळं घेऊन घरी आला, मुरलीला प्रकृती विचारली, आणि जाताना दारात म्हणाला, "मामी, कामगार खात्याचं कुणीतरी उद्या येणार आहे. तुम्ही दिवा लावता, पाणी देता. एवढंच आहे ना तुमचं काम? जननीचं मी बघतो. आत्ता राजीनामा देऊ दे. बाळ मोठं झालं की मीच परत चिकटवेन कुठंतरी. मी काय परका आहे?"

तो परका नव्हताच. वाईट दिवसांत हाच दारात उभा राहिला होता. भवानी रात्रभर तेच धरून बसली.

सकाळी देवपूजा झाल्यावर ती मुरलीसमोर कॉफी ठेवून उभी राहिली. "अहो, काय करूं?"

मुरलीनं पेल्यातली कॉफी डबऱ्याच्या वाटीत ओतली, पुन्हा पेल्यात ओतली. "देवाचं काम आहे म्हणून तू सांगितलंस. मी कधी विचारलं नाही, दिवा लावायला दिवसभर कसा लागतो म्हणून." कॉफी आणखी एकदा खालीवर करून म्हणाला, "विचारायला हवं होतं. पगार येत होता."

"जा म्हणता, की नको म्हणता?"

"जोडवी मी आणलेली. लपवायला नव्हती आणली," तो म्हणाला, आणि कॉफी प्यायला.

खात्याची अधिकारी अकराच्या सुमाराला आली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, जिना चढून दम लागलेला. दारात गणपती बघून तीही थांबली. सवयीनं दोन मुठी कपाळाला लावल्या, वाकून चपला काढल्या. भवानीची नजर तिच्या बोटांवर गेली. दोन्ही पायांत जोडवी होती. एक झिजून पातळ झालेलं. हिला मी भिंतीकडे बसवलं असतं, असं भवानीच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

अनंतकृष्णनं खुर्ची दिली, कॉफी मागवली. भरतीची पद्धत समजावून सांगितली. शिक्षण, नजर, हाताचा वेग. लग्नाचा प्रश्नच नाही, मॅडम, आम्ही विचारतसुद्धा नाही. विचारत नाहीत, हे खरंच होतं. त्या दिवशी तीन मुली आल्या होत्या, तिघीही खिडकीकडच्या बाकावर. भिंतीकडचा बाक रिकामा.

अधिकारी उठली, खोलीभर नजर फिरवली आणि दाराशी भवानीच्या स्टुलापाशी आली. "तुमचं काम काय इथं, अम्मा?"

"मामी दिवा लावतात," अनंतकृष्ण मागून म्हणाला. "मुलींना पाणी देतात. आमच्या घरच्यासारख्याच आहेत."

भवानीनं फोटोकडे पाहिलं. सकाळी तिनंच घातलेली माळ. तेल भरपूर होतं, ज्योत स्थिर होती. देव रोज इथं टांगलेला, आणि रोज त्याच्याच नावानं चपला निघत. त्यानं कधी बोट दाखवून म्हटलं होतं का, ही इकडे, ती तिकडे?

"मी पाय बघते," ती म्हणाली.

अधिकारी बाईला कळलं नाही. "कुणाचे?"

"येणाऱ्या सगळ्यांचे. जोडवी दिसली की त्या बाकावर बसवते. त्या बाकावरच्या कुणाला नोकरी मिळत नाही. चपला निघाव्यात म्हणून हा फोटो इथं लावलाय." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "जननीस मीच शिकवलं जोडवी लपवायला. ती खोटं बोलली, ते मी बोलायला लावलं. खरं बोलली असती तर मीच तिला भिंतीकडे बसवलं असतं. भांगातलं कुंकूही मीच पुसलं. या हातानं."

खिडकीकडच्या तीन मुलींपैकी एकीनं आपले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

अनंतकृष्ण एवढंच म्हणाला, "मामी." त्यात दटावणी नव्हती. पुष्कळ वर्षांची ओळख होती, आणि ती तिथं संपली. अधिकारी बाईनं तिचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. पुढं काय होईल असं भवानीनं विचारलं. ती म्हणाली, "नोटीस जाईल. ते वकील लावतील. वेळ लागेल, अम्मा. तोवर त्या मुलीला राजीनामा देऊ नको म्हणावं. कामावर जात राहायचं."

भवानीनं समईत आणखी थोडं तेल घातलं. उद्या कोण घालील, माहीत नव्हतं. मग चपला घालून जिना उतरली.

संध्याकाळी जननी पाळीवरून थेट मामीकडे आली. सुपरवायझर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, मैत्रिणी डब्याला दुसऱ्या टेबलावर बसल्या होत्या. कुणीतरी तिची खुर्ची काढून नेली होती. ती उभ्यानंच जोडणी करत राहिली. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, पाण्याचा पेला हातातच धरून.

"बसायास खुर्ची मागायची," मुरली म्हणाला.

"मागितली मामा. म्हणाले, तुझं ठरेपर्यंत थांब."

भवानीनं देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. जननीसमोर बसली. बोट बुडवलं आणि हात पुढं केला, तोच उजवा हात, आणि तो मध्येच थांबला. त्या शुक्रवारपासून तिनं कुणाला कुंकू लावलं नव्हतं.

जननीनं मान खाली केली, भांग पुढं केला. मग थोडी मागं सरकली.

"बारीक लाव मामी," ती म्हणाली. "उद्या सकाळची पाळी आहे."